मोठ्या डोळ्यांमागचं कारण

चित्रांची आवड असलेल्या बारा ते वीस वर्षांच्या मुलामुलींच्या वह्या आज चाळल्या, तर एक चेहरा हमखास भेटतो. मोठे चमकते डोळे, निमुळती हनुवटी, नाकाच्या जागी जेमतेम एक ठिपका, कपाळावर झुबक्याझुबक्यांनी उतरलेले केस. 'नारुतो', 'वन पीस', 'डेमन स्लेयर' या जपानी ॲनिमे मालिका बघत मोठ्या झालेल्या पिढीनं हाच चेहरा पहिल्यांदा गिरवावा, यात नवल नाही. शिक्षक तो पाहतात आणि सांगतात, हे बंद कर, आधी नीट चित्र काढायला शीक, स्वतःची शैली शोध. मूल मनातल्या मनात उत्तर देतं, हीच माझी शैली आहे. दोघांनीही शैली ही आयती वस्तू धरलेली असते. एकाला ती टाकायला हवी असते, दुसऱ्याला जवळ ठेवायची असते. मला हा वादच चुकीच्या जागी उभा वाटतो. ॲनिमेमधली प्रत्येक लकब हा कुणीतरी, कधीतरी, एका खऱ्या अडचणीवर काढलेला तोडगा आहे. ती अडचण ज्याला कळली त्याला ॲनिमे पुढची वाट दाखवतं. ज्याच्या हाती नुसता तोडगा लागला, तो त्याच चेहऱ्यापाशी वर्षानुवर्षं थांबतो. म्हणून ॲनिमे काढावं की नाही, यावर भांडण्यापेक्षा ते कसं काढावं हे नीट समजून घेतलेलं बरं.

डोळ्यांपासूनच सुरुवात करू. आज आपण ज्यांना बेधडक 'जपानी' म्हणतो ते डोळे मुख्यतः जपानी चित्रकथाकार ओसामू तेझुका (1928–1989) यांच्या हातून रुळले. तेझुका ज्या ताकाराझुका गावात वाढले, तिथली संगीत नाटक मंडळी प्रसिद्ध आहे. तिच्यात पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करतात, आणि रंगभूषेत डोळे ठळक रंगवलेले असतात, कारण भाव शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायला हवेत. दुसरीकडे तेझुकांवर डिस्नेच्या चित्रपटांचा आणि फ्लायशर बंधूंच्या बेटी बूपसारख्या अमेरिकन व्यंगपटांचा दाट प्रभाव होता. युद्धानंतरच्या जपानमध्ये स्वस्त कागदावर, लहान लहान चौकटींत, काळ्या शाईत लांबलचक गोष्ट सांगायची होती. 1947 साली आलेल्या 'शिन ताकाराजिमा' या मांगापासून, म्हणजे जपानी चित्रकथेपासून, ते नेमकं हेच करत होते. अशा चौकटीत चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा उरतो, आणि एवढ्याशा जागेत आनंद, भीती, संशय दाखवायचा तर डोळ्यांना मोठं होण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणजे जपानच्या एका गावाचा रंगमंच, अमेरिकेचे व्यंगपट आणि छपाईची तंगी या तिन्हींतून तो डोळा घडला. त्या अर्थानं तो कुणा एका देशाचा वारसा मुळातच नव्हता.

मग 1 जानेवारी 1963 रोजी तेझुकांची 'ॲस्ट्रो बॉय' ही मालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा, हाताशी पैसे थोडे आणि माणसं त्याहून थोडी. चित्रपटात सेकंदाला 24 चौकटी सरकतात. डिस्नेच्या पद्धतीत त्यांच्यासाठी सेकंदाला 12 ते 24 चित्रं काढली जात. इथे एक चित्र तीन चौकटींभर टिकवून आठांवर भागवायचा रिवाज पडला. चेहरा एका पारदर्शक पत्र्यावर स्थिर ठेवायचा, तोंड दुसऱ्यावर काढायचं, आणि मिटलेलं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं असे तीनच आकार आलटून पालटून लावायचे. ॲनिमेतली पात्रं बोलताना हनुवटी फारशी हलत नाही, याचं कारण हे आहे. एकदा काढलेली हालचाल साठवून पुन्हा वापरायचीही पद्धत पडली. केसांचे वेगळे तंतू प्रत्येक चित्रात तसेच्या तसे उतरवणं अशक्य, म्हणून त्यांचे मोजके झुबके झाले. रंग पत्र्याच्या मागच्या बाजूनं हातानं भरायचे, म्हणून बाह्यरेषा बंदिस्त हवी आणि सावलीची कड धारदार हवी. मूळ रंग एक, सावलीचा रंग एक, संपलं. नाकाचं तर असं असतं की मान थोडी वळली तरी त्याचा आकार आणि सावली दोन्ही पालटतात. वेगवेगळ्या दहा हातांनी एकच पात्र काढायचं असेल तर ते नाक जितकं लहान तितकं सोयीचं.

हे सगळं इतक्या तपशिलानं सांगण्याचा हेतू अगदी व्यावहारिक आहे. आयबिस पेंट किंवा क्लिप स्टुडिओ पेंटवर काम करणारी कितीतरी मुलं चेहऱ्याची रेषा ॲनिमेची काढतात आणि तिच्यावर मऊ ब्रशनं गालाची, मानेची गुळगुळीत छटा चढवतात. चित्र काहीतरी चुकल्यासारखं दिसतं, पण काय चुकलं ते कळत नाही. सपाट रंगासाठी घडलेल्या रेषेवर गोलाई सांगणारी छटा बसवली की दोघी एकमेकींना खोडतात. रेषा म्हणते नाक नाही, सावली म्हणते आहे. हा गोंधळ आणखी शंभर चित्रं गिरवून सुटत नाही. ती रेषा तशी का आहे, एवढं कळलं की एका दुपारीत सुटतो: एक तर सावली सपाट ठेवायची, नाहीतर नाकाला नाकाची जागा द्यायची.

आता 'ॲनिमे शैली' हा शब्दप्रयोगच जरा तपासून पाहू, कारण शिकणाऱ्याची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. कात्सुहिरो ओतोमो यांच्या 'अकिरा'त (मांगा 1982 ते 1990, चित्रपट 1988) डोळे लहान आहेत, चेहरे आशियाई आहेत, आणि इमारतींच्या बारीक रेषांत मोबियस या फ्रेंच चित्रकाराचा अभ्यास दिसतो. हिरोहिको अराकी 1987 पासून 'जोजो' काढत आहेत. त्यांच्या पात्रांच्या अंगाला जे चमत्कारिक पीळ पडतात ते इटलीतली शिल्पं आणि फॅशनची रेखाचित्रं पाहून आले, आणि रंगांबाबत ते गोगँचं ऋण मानतात. सुरुवातीच्या भागांतला 'जोजो' आणि आजचा 'जोजो' शेजारी ठेवले, तर एकाच माणसाचा हात आहे यावर विश्वास बसत नाही. इसाओ ताकाहाता यांच्या 'प्रिन्सेस कागुया'ची (2013) रेषा कोळशाच्या कांडीनं घाईत ओढल्यासारखी आहे, रंग पाण्यात विरघळल्यासारखे आहेत, आणि कागदाचा बराच भाग चक्क कोरा सोडला आहे. ताकेहिको इनोउए यांनी 'स्लॅम डंक'नंतर 'व्हॅगाबाँड' हाती घेतलं आणि पुढे त्यासाठी ब्रशही उचलला. हे सगळं मांगा आणि ॲनिमेच आहे. यांतली एकही गोष्ट वहीतल्या त्या ठरावीक चेहऱ्यातून निघत नाही. तो चेहरा म्हणजे अनेकांच्या कामाची सरासरी आहे, आणि मुलं नेमकी तिचीच नक्कल करतात.

वर आलेली बहुतेक नावं मांगाच्या बाहेर कुठेतरी जाऊन आली आहेत, हे इथे लक्षात घेण्यासारखं आहे. कुणी फ्रान्सकडे पाहिलं, कुणी इटलीकडे, तर कुणी आपल्याच देशातल्या जुन्या शाईच्या चित्रांकडे. त्याच वेळी नक्कल आणि उमेदवारी यांना त्यांच्यातल्या कुणी कमी लेखलं नाही. इनोउए हे त्सुकासा होजो यांच्याकडे सहायक होते. 'वन पीस'चे एइचिरो ओदा हे नोबुहिरो वात्सुकी यांच्याकडे सहायक होते. सहायकानं गुरूच्या रेषेत रेषा मिसळायची असते, स्वतःची चमक दाखवायची नसते. थेट होकुसाई या जुन्या जपानी चित्रकारापर्यंत मागे गेलं तरी तेच दिसतं: ते कात्सुकावा शुन्शो यांच्या चित्रशाळेत गुरूच्या धाटणीनं छापे करत वाढले, आणि पुढे 1814 पासून निघालेल्या 'होकुसाई मांगा'त न्हाव्यापासून बेडकापर्यंत दिसेल ते रेखाटत सुटले. हायाओ मियाझाकी यांची गोष्ट उलट बाजूनं सांगितली जाते. तरुणपणी त्यांच्या चित्रांत तेझुकांची छाप आहे असं कुणी म्हटलं, तेव्हा ते इतके दुखावले की त्यांनी ती चित्रं जाळून टाकली. वाचणाऱ्याला जाळणं तेवढं लक्षात राहतं. मला त्यापुढचा काळ जास्त महत्त्वाचा वाटतो. ते 1963 साली तोएई स्टुडिओत शिरले आणि वर्षानुवर्षं दुसऱ्यांनी आखलेल्या पात्रांच्या हालचाली काढत राहिले. जाळण्यामुळे त्यांना स्वतःची रेषा मिळाली नाही. धावणारं मूल पाय कसं टाकतं, वाऱ्यात कपडा कसा फुगतो, जड वस्तू उचलताना कंबर कशी वाकते, हे हजारो वेळा काढण्यातून ती आली.

तर मग करायचं काय? आधी आपण अडकलो आहोत का, ते तपासा. शेवटची पंधरावीस चित्रं जमिनीवर मांडा आणि त्यांतले केस हातानं झाका. सगळी पात्रं एकच माणूस वाटू लागली, तर चेहरा पाठ झाला आहे, समजलेला नाही. किती चेहरे एकाच बाजूला वळलेले आहेत, ते मोजा. किती हात पाठीमागे, खिशात किंवा चौकटीबाहेर लपवलेत, तेही मोजा. पाठमोरं, खालून पाहिलेलं, बसलेलं, म्हातारं, जाड असं एकही पात्र नसेल, तर आवडत्या कलाकारानं जे प्रश्न सोडवले नाहीत तिथे तुमचाही हात थांबतो आहे. या तपासणीत कमीपणा काही नाही. पुढच्या तीन महिन्यांचा अभ्यासक्रम तिच्यातूनच हाती येतो.

नक्कल चालू ठेवा, फक्त तिची पद्धत बदला. एकच पान घेऊन ते तीनदा काढा. पहिल्यांदा समोर ठेवून हुबेहूब. दुसऱ्यांदा पान मिटून आठवणीनं. काय विसरलं ते पाहिलं की काय समजलं नव्हतं ते कळतं. तिसऱ्यांदा तेच पात्र दुसऱ्या कोनातून, जे मूळ पानात कुठेच नाही. ही तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात आणि खरं शिकणं तिथेच असतं, कारण तिथे डोक्याला आकार घनरूपात धरावा लागतो, कवटी कुठे संपते आणि केस कुठे सुरू होतात हे ठरवावं लागतं. शिवाय एकाच कलाकाराला चिकटू नका. एकच प्रसंग, समजा जिन्यावर बसलेली मुलगी, ओतोमोंच्या, अराकींच्या आणि तुमच्या सध्याच्या लाडक्या कलाकाराच्या पद्धतीनं काढून बघा. एकानं गुडघ्याचं हाड दाखवलं, दुसऱ्यानं पायाला पीळ दिला, तिसऱ्यानं दोन्ही टाळून कपड्याच्या एका रेषेवर भागवलं, असं दिसेल. तिघांच्या निर्णयांतला हा फरक एकदा दिसला की चौथा निर्णय तुम्हाला सुचू लागतो. आणि आवडत्या कलाकारानं कुणाकडे पाहिलं ते शोधून त्या उगमापर्यंत जा. अराकी आवडत असतील तर शिल्पांची छायाचित्रं समोर घेऊन बसा. नुसते अराकी गिरवलेत तर तुमच्या हाती त्यांचं उत्तर येईल, त्यांचं पाहणं येणार नाही.

आपल्याकडच्या चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना अनेक मुलं कंटाळवाणा सोपस्कार समजतात. पण वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र हे त्यांतले तीन विषय या प्रश्नावर फार नेमके लागू पडतात. समोरचं पाहून काढणं, पाहिलेलं आठवून काढणं आणि आठवलेल्याची रचना करणं या तीन वेगळ्या शक्ती आहेत. ॲनिमे गिरवणारं मूल सहसा तिसऱ्या शक्तीनं सुरुवात करतं, आणि तिला खाद्य पुरवणाऱ्या पहिल्या दोन उपाशी असतात. म्हणून रोजच्या बैठकीचा निदान अर्धा वेळ खऱ्या माणसांना द्या. एसटीच्या थांब्यावर उभ्या माणसाचं वजन कुठल्या पायावर आहे, भाजीवाली तराजू उचलते तेव्हा खांदा किती वर जातो, स्कूटरवर मागे एका बाजूला बसलेल्या बाईचं साडीचं टोक कुठे खोचलेलं असतं, हे दोन दोन मिनिटांच्या रेखाटनांत पकडा. चेहऱ्याला हात लावू नका. चेहरा आला की हात पुन्हा जुन्या सवयीकडे वळतो. संध्याकाळी त्यांतलंच एक रेखाटन घेऊन ते स्मरणानं ॲनिमेच्या भाषेत उतरवा. नऊवारीच्या काष्ट्यासाठी किंवा तेल लावून चापून घातलेल्या वेणीसाठी ॲनिमेत आयता तोडगा नाही. तो तुम्हालाच घडवावा लागेल, आणि तुमची रेषा म्हणून जे काही पुढे ओळखलं जाईल ते अशाच जागी जन्माला येईल.

यावर पहिला आक्षेप मोठ्यांकडून येतो: परक्यांची चित्रं कशाला, आपली परंपरा नाही का? परंपरेचा अभिमान मलाही आहे, आणि म्हणूनच हा आक्षेप मला लंगडा वाटतो. मुंबईत 1857 साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जे 'नीट' चित्र शिकवलं जात होतं ते ब्रिटिश कलाशाळांमधून आलं होतं. राजा रविवर्म्यांनी युरोपीय तैलरंगाची वास्तववादी पद्धत आत्मसात केली, 1894 साली मुंबईत छापखाना काढला, आणि त्यातून घराघरात गेलेल्या देवतांच्या तसबिरी आज आपल्याला अगदी आपल्या वाटतात. उलट, मोठ्या डोळ्यांची परंपरा तर आपल्याच घरी आहे. पश्चिम भारतातल्या जैन कल्पसूत्रांच्या पोथ्यांत चेहरा बाजूनं काढलेला असतो आणि पलीकडचा डोळा गालाच्या रेषेबाहेर चक्क हवेत काढलेला असतो. पैठणच्या आणि सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथींमध्ये चेहऱ्यावर गोल टपोरा डोळाच राज्य करतो, कारण ती चित्रं गोष्ट सांगताना समोर बसलेल्यांना दाखवायची असत. तेझुकांची गरज आणि पिंगुळीच्या ठाकर कलावंताची गरज एकमेकींपासून फार लांब नाहीत. ज्याला डोळा मोठा का करतात हे कळलं आहे, त्यानं एकदा चित्रकथींच्या पोथ्या नीट पाहाव्यात. ॲनिमेत न सापडणारे कितीतरी तोडगे तिथे पडून आहेत.

दुसरा आक्षेप मुलांचा असतो: खरी माणसं काढत बसलो तर मजा जाईल, हात शाळेतल्यासारखा कडक होईल. या भीतीत तथ्य आहे. नुसतं मडकं आणि बाटली काढून हात खरंच आखडतो, म्हणूनच मी अर्धा वेळ म्हणते, सगळा नाही. पण निरीक्षणानं अतिशयोक्ती मरते, हे खरं नाही. गोव्याच्या मारिओ मिरांडा यांचं काम पाहा. त्यांचं कलेचं रीतसर शिक्षण जवळपास झालंच नाही. तरुणपणी ते सचित्र रोजनिशी लिहीत आणि तिच्यात गावातले पाद्री, शेजारी, लग्नं, भांडणं रेखाटत. पुढे पोर्तुगाल आणि लंडनमध्ये राहिले, रोनाल्ड सर्ल या इंग्रज व्यंगचित्रकाराची छाप त्यांच्या रेषेवर पडली. तरीही त्यांच्या चित्रातली माणसं क्षणात ओळखू येतात, कारण उसन्या वळणाच्या रेषेत भरलेलं सगळं त्या रोजनिशीतलं होतं. त्यांच्या चित्रांत डोळे, नाकं, छात्या, पोटं सगळंच वाढवलेलं आहे. एवढं वाढवूनही ते खरं वाटतं, कारण मूळ माणूस त्यांच्या हातात पक्का होता.

तिसरा आक्षेप पोटापाण्याचा आहे आणि तो मी सगळ्यात गंभीरपणे घेते. लोक मागतात ते ॲनिमेच. आपला फोटो ॲनिमेसारखा काढून हवा असतो, ऑनलाइन कामं तशीच येतात, आणि ॲनिमेशन स्टुडिओत गेलं तरी दुसऱ्यानं आखलेलं पात्रच काढायचं असतं. बरोबर आहे. ठरलेल्या साच्यात चोख काम करता येणं ही मोठी व्यावसायिक ताकद आहे आणि तिचा अपमान करणारी शिकवण मला मान्य नाही. मात्र साच्याप्रमाणे काढायलाही पात्र सगळ्या बाजूंनी फिरवता यावं लागतं, म्हणजे इथेही शरीररचनेची समज लागतेच. शिवाय परिस्थिती बदलली आहे. मार्च 2025 मध्ये मियाझाकींच्या जिब्ली स्टुडिओच्या धाटणीची चित्रं यंत्राकडून बनवून घेण्याची लाट आली, तेव्हा कुणाचाही फोटो काही मिनिटांत त्या रूपात मिळू लागला. सरासरी चेहरा यंत्र सगळ्यात सहज काढतं, कारण त्याच्या लाखो प्रती त्यानं पाहिलेल्या असतात. आपण दुसऱ्यांच्या कष्टावर उभ्या असलेल्या या यंत्रांना विरोध करावा, जरूर करावा. तरी वहीतला तो ठरावीक चेहरा विकून कमाई करण्याचे दिवस संपत आले आहेत, हे सोळा वर्षांच्या मुलाला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. ज्या चित्रात नांदेडच्या बसस्थानकावरची एक ठरावीक दुपार आहे, आणि ती ॲनिमेच्या रेषेत आहे, ते चित्र मागायचं कसं हे त्या यंत्राच्या गिऱ्हाइकाला सुचणारच नाही.

स्वतःची शैली कधी सापडेल, हा प्रश्न मात्र निदान काही वर्षं बाजूला ठेवा. समाजमाध्यमांवर प्रत्येकाला पहिल्याच वर्षी ओळखता येईल असं रूप हवं असतं. त्या घाईत मुलं एक ब्रश, तीन रंग आणि एक चेहरा पक्का करतात आणि त्यातच कोंडून घेतात. अराकींना तसं करायचं असतं तर त्यांना इतक्या वर्षांत एवढं बदलता आलं नसतं. कलाशाळेच्या किंवा डिझाइनच्या प्रवेशासाठी कामांचा संच तयार करत असाल, तर त्यातून ॲनिमे वगळू नका आणि त्यानंच तो भरूही नका. गिरवलेल्या चित्रावर मूळ कलाकाराचं नाव लिहा. आधी एका माणसाची पाचसहा झटपट रेखाटनं ठेवा, मग त्याच माणसाचं स्मरणातलं चित्र, मग त्याच्यावरून घडवलेलं तुमचं पात्र पुढून, मागून, बसलेलं, पळताना, आणि शेवटी त्या पात्राच्या गोष्टीचं एक पूर्ण पान. पाहणाऱ्याला मोठे डोळे दिसतील, आणि ते का मोठे आहेत हेही मागच्या पानांवर दिसेल. प्रत्येक कागदावर तारीख घाला आणि जुने कागद फेकू नका. सहा महिन्यांनी केस झाकून पाहायची ती तपासणी पुन्हा करायची आहे.